हंटिंग बोचा स्टॅबिलायझर: आधी वॉशर, मग रॉड

कंपाऊंड धनुष्य (दोन्ही टोकांना कॅम म्हणजे चाकं असलेलं) हातात आलं की पहिल्या महिन्यात एकच तक्रार ऐकू येते. नेम धरायच्या साइटमधली पिन टारगेटच्या पिवळ्या मध्यावर टिकत नाही. भोवती घोंगावते, आणि बाण सोडायच्या क्षणी नेमकी खाली घसरते. मैदानावर कुणीतरी सांगतं, ‘स्टॅबिलायझर लाव’ (धनुष्यावर कसायचा, टोकाला वजन असलेला रॉड), आणि रात्री घरी पोचेपर्यंत मोबाइलवरून ऑर्डर गेलेली असते. हा लेख त्या ऑर्डरच्या आधी वाचायचा आहे. चुकीचा रॉड पिन आणखी हलवतो, खांदा दुखवतो, आणि नवख्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही.

इथे विचार फक्त हंटिंग प्रकारच्या कंपाऊंडचा आहे. कॅमपासून कॅमपर्यंत साधारण २८ ते ३३ इंच लांब, वजनाला हलकं, हातात आखूड असं ते धनुष्य. नावात हंटिंग असलं तरी आपल्याकडे शिकार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे. त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव स्पष्ट आहे, आणि अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. त्यामुळे येऊर किंवा कर्नाळ्याच्या बाजूला भटकंतीला निघताना धनुष्य घरी ठेवायचं. ते वापरायचं मैदानावर, पक्क्या बटसमोर, म्हणजे बाण अडवणाऱ्या जाड गादीसमोर. इमारतीच्या गच्चीवर तर कधीच नाही. कठडा कितीही उंच असला तरी चुकलेला बाण पलीकडच्या रस्त्यावर जाऊ शकतो.

शिकारीचा मुद्दा स्टॅबिलायझर निवडतानाही उपयोगी पडतो. बाजारात ‘हंटिंग स्टॅबिलायझर’ म्हणून जे ६ ते ८ इंचांचे जाडसर तुकडे मिळतात, ते आखूड आहेत कारण परदेशातल्या शिकाऱ्याला झाडावरच्या मचाणीत बसायचं असतं, झुडपांतून वाट काढायची असते. त्याला लांब रॉड अडतो. ठाण्याच्या किंवा नेरुळच्या मैदानावर उभं राहून कागदावर नेम धरणाऱ्याला झुडूप आडवं येत नाही. मग त्या अडचणीची किंमत आपण का मोजायची?

रॉड नक्की काय करतो

डोंबाऱ्याच्या खेळात दोरीवर चालणाऱ्या मुलीच्या हातातली आडवी काठी आठवा. ती काठी जड नसते, लांब असते. तोल जाऊ लागला की काठी फिरायला वेळ घेते, आणि तेवढ्या वेळात मुलगी स्वतःला सावरते. स्टॅबिलायझरचं मुख्य काम हेच आहे. धनुष्याला फिरायला, डुलायला आळशी बनवायचं.

हिशोब करून बघू. १५ सेंटिमीटरच्या रॉडच्या टोकाला २०० ग्रॅम लावले, आणि ३० सेंटिमीटरच्या रॉडच्या टोकाला १०० ग्रॅम. पुढच्या बाजूला झुकवणारा जोर दोन्हीकडे सारखाच: २०० गुणिले १५ म्हणजे ३०००, आणि १०० गुणिले ३० म्हणजेही ३०००. मनगटाला दोन्ही सारखेच पुढे ओढतील. पण फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. पहिल्यात २०० गुणिले १५ गुणिले १५ म्हणजे ४५,०००. दुसऱ्यात १०० गुणिले ३० गुणिले ३० म्हणजे ९०,०००. वजन निम्मं, स्थिरता दुप्पट. निवडीचं सगळं गणित या दोन ओळींत आहे: आधी लांबी वाढवा, मग वजन. रॉडचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही, पण त्याने निष्कर्ष बदलत नाही.

ही स्थिरता कुठे लागते तेही मोजता येतं. डोळ्यापासून साइट साधारण ८५ सेंटिमीटरवर असते. ५० मीटरवर लक्ष्य असेल तर पिन १ मिलिमीटर हलली की नेम जवळपास ६ सेंटिमीटर सरकतो. कंपाऊंडच्या ८० सेंटिमीटरच्या टारगेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटिमीटर असतो, म्हणजे मध्यापासून कडा ४ सेंटिमीटरवर. पिनची एक मिलिमीटरची थरथर तुम्हाला दहातून बाहेर काढायला पुरेशी आहे.

दुसरं काम तोलाचं. साइट, क्विव्हर (बाणांचा भाता), रेस्ट (बाण टेकवायचा आधार) असं बरंच काही धनुष्याच्या एकाच अंगाला लटकलेलं असतं. त्याची भरपाई मागचा किंवा बाजूचा रॉड करतो. तिसरं काम धक्का आणि आवाज खाण्याचं, जे जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. नेमाच्या दृष्टीने ते तिसऱ्याच नंबरचं आहे. बाण दोरीवरून सुटायला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून कमी वेळ लागतो, आणि हाताला जाणवणारी बरीचशी थरथर बाण निघून गेल्यानंतरची असते. रबरी नक्षी पाहून रॉड निवडू नका.

पायरी १: आधी धनुष्य बसवून घ्या

स्टॅबिलायझर शेवटी येतो. त्याआधी ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे येते ते), ड्रॉ वेट (ओढायला लागणारा जोर), रेस्ट, पीप (दोरीतलं बघायचं भोक) आणि साइट जागेवर हव्यात. ड्रॉ लेंग्थ अर्धा इंच जास्त असली तरी पिन डावी-उजवीकडे तरंगते, आणि ते हुबेहूब स्टॅबिलायझर कमी असल्यासारखं दिसतं. मूठ आवळून ग्रिप पकडणाऱ्याचा बाण बाजूला जातो, तोही कुठल्याच रॉडने सरळ होत नाही. ग्रिप अंगठ्याखालच्या उंचवट्यावर टेकलेली, बोटं सैल, आणि धनुष्य मनगटाच्या स्लिंगमध्ये (पट्ट्यात) सुटून पुढे जातं, हे आधी जमू द्या.

ड्रॉ वेटबद्दल एक गोष्ट आत्ताच पाहून ठेवा. हंटिंग बो बऱ्याचदा ७० पौंडांपर्यंतचे येतात. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमांत कंपाऊंडला कमाल ६० पौंड चालतात. पुढे स्पर्धा खेळायची असेल तर लिंब (धनुष्याच्या लवचीक पात्या) धरून ठेवणारे लिंब बोल्ट सैल करून आधी ६० च्या आत या, मगच तोल जुळवायला घ्या. नाहीतर सगळं काम दोनदा होईल. दोन्ही लिंब बोल्ट सारखेच फेरे फिरवायचे, आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेपलीकडे सैल करायचे नाहीत.

पायरी २: क्विव्हर काढा

हा फुकटातला स्टॅबिलायझर आहे. उजव्या हाताने ओढणाऱ्याच्या धनुष्यावर साइट आणि क्विव्हर उजव्या अंगाला येतात. क्विव्हरचा सांगाडा दीडशे ते दोनशे ग्रॅमचा, आणि त्यात पाच बाण. ४०० ग्रेनचा एक बाण म्हणजे २६ ग्रॅम, पाच मिळून १३० ग्रॅम. तीनशे ग्रॅमचं लोढणं एका अंगाला. शिवाय प्रत्येक बाण काढला की तोल बदलतो. पहिला बाण आणि पाचवा बाण तुम्ही वेगवेगळ्या धनुष्यांनी मारता असं म्हटलं तरी चालेल. शिकाऱ्याला बाण हाताशी हवे असतात, आपल्याला नाही. कमरेला बांधायचा क्विव्हर घ्या आणि धनुष्यावरचा उतरवून ठेवा.

क्विव्हर ठेवायचाच असेल तर भरपाईचा हिशोब असा. ३०० ग्रॅम मध्यरेषेपासून ७ सेंटिमीटर उजवीकडे, म्हणजे २१००. डावीकडे १० सेंटिमीटर बाहेर येणाऱ्या रॉडच्या टोकाला २१० ग्रॅम लावले की जमतं. म्हणजे एका क्विव्हरपायी धनुष्य पाचशे ग्रॅमने जड झालं.

पायरी ३: आटे ओळखा

रायझरवर, म्हणजे धनुष्याच्या मधल्या कडक भागावर, ग्रिपच्या खाली पुढच्या बाजूला एक धातूचं बुशिंग (आतून आटे असलेलं भोक) असतं. काही धनुष्यांना मागच्या बाजूलाही, तळाकडे, एक असतं. विकत घेण्याआधी तुमच्या धनुष्याला मागचं बुशिंग आहे का ते बघा, कारण त्यावरच मागचा रॉड थेट लागेल की पुढच्या बुशिंगवर कसायचा साइड ब्रॅकेट लागेल ते ठरतं.

या बुशिंगचे आटे ५/१६-२४ मापाचे असतात. व्यास ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आणि एका इंचात २४ आटे. नवखे फसतात ते इथेच. जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात हा बोल्ट दाखवला की दुकानदार चांगल्या मनाने एम८ काढून देतो. दिसायला तोच, व्यासातही जेमतेम केसाचा फरक. पण एम८ चे आटे १.२५ मिलिमीटर अंतरावर असतात आणि ५/१६-२४ चे १.०६ वर. एम८ एक-दोन फेरे आत जातो, मग अडतो. माणूस पाना लावतो, आणि बुशिंगचे आटे कायमचे जातात. रायझर ॲल्युमिनियमचा असतो, त्याच्याशी जबरदस्ती करायची नाही. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअर घ्यायला जाणार असाल तर ‘५/१६ यूएनएफ’ (हेच बारीक आट्यांचं इंची माप) असे शब्द उच्चारून मागा, ‘बारीक आटे’ एवढं म्हणून भागत नाही. रॉडच्या टोकाला लागणारी वजनं काही वेळा १/४-२० आट्यांची असतात, ती एम६ शी जुळत नाहीत. रॉड आणि वजनं वेगवेगळ्या कंपन्यांची घेताना हे आधी विचारा.

बसवताना पहिले तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरपे लागलेत. उलटं फिरवून बाहेर काढा, पुसा, पुन्हा लावा.

पायरी ४: वॉशरची चाचणी

रॉडवर पैसे घालण्याआधी आपल्या हाताला किती वजन आणि कुठे हवंय ते शोधून काढायचं. मैदानावर कुणाचा रॉड तासभर उसना मिळाला तर उत्तमच. नाहीतर ५/१६ यूएनएफचा साधारण ३० सेंटिमीटरचा पूर्ण आट्यांचा लोखंडी दांडा, तो न मिळाल्यास त्याच आट्यांचा मिळेल तेवढा लांब बोल्ट डोकं कापून, चार नट, दोन नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सैल न होणारे) आणि मूठभर जाड वॉशर घ्या. कापलेली कड कानशीने घासून गुळगुळीत करा, नाहीतर तीच बुशिंग खाईल.

दांड्यावर आधी एक साधा नट चढवा. दांडा बुशिंगमध्ये सहा-आठ फेरे घाला, तळाला टेकू देऊ नका, आणि तो नट रबरी वॉशर घालून रायझरला हलकेच टेकवा म्हणजे दांडा फिरणार नाही. दुसऱ्या टोकाला वॉशर दोन नटांमध्ये घट्ट आवळा. खुळखुळता कामा नये. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा वॉशर एकत्र तोला आणि दहाने भागा, म्हणजे एकेकाचं नेमकं वजन कळतं. दांड्याचं स्वतःचं वजनही लिहून ठेवा. ते नव्वद ते शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि दांडाभर पसरलेलं असल्यामुळे टोकाच्या वजनापेक्षा कमी परिणाम करतं.

आता बटसमोर, सात-आठ मीटरवर उभे राहा. बाण लावल्याशिवाय दोरी ओढायची नाही. रिकाम्या दोरीवर चुकून ट्रिगर (दोरी सोडायचा खटका) दबला तर लिंब, कॅम किंवा दोरी तुटू शकते आणि इजाही होते. बाण लावून, बटकडे तोंड करून ओढा, आणि डोळे मिटा. दोन श्वास आरामात थांबा, मग डोळे उघडा. बोट ट्रिगरपासून लांबच ठेवा. साइटमधला, तोल दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडा कुठे आहे? पिन कुठे गेली आहे? डोळे मिटलेले असताना हात धनुष्याला जबरदस्तीने सरळ धरत नाही, म्हणून धनुष्याचा खरा कल दिसतो. बाण न सोडता दोरी हळू परत आणा. असं पाच वेळा. पाचपैकी चार वेळा जे दिसलं ते खरं.

बुडबुडा मध्याबाहेर गेला तर धनुष्य कलतंय. लक्षात ठेवा, बुडबुडा उंच बाजूला पळतो. तो डावीकडे असेल तर धनुष्याचं डोकं उजवीकडे झुकलंय, आणि वजन डावीकडे हवं. पण त्याआधी साइटचा बुडबुडाच नीट बसवलेला आहे का ते बघा. साइट तिरकी असेल तर तुम्ही धनुष्याचा नव्हे, साइटचा दोष दुरुस्त करत बसाल.

पिन खाली गेली तर पुढे वजन जास्त, किंवा मागे कमी. वर गेली तर उलट. पुढचं वजन एका वेळी एका वॉशरने बदला. एका फेरीत दोन गोष्टी बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

पायरी ५: सुरुवातीचे आकडे

चाचणी कुठून सुरू करायची त्यासाठी हे आकडे. बाजारात वजनं औंसात मिळतात, एक औंस म्हणजे २८ ग्रॅम.

फक्त पुढचा रॉड लावणार असाल तर १० ते १२ इंच लांबी आणि टोकाला ८५ ते ११० ग्रॅम, म्हणजे तीन-चार औंस.

पुढे-मागे दोन्ही लावणार असाल तर पुढे १२ ते १५ इंचांवर ८५ ग्रॅम, मागे ८ ते १० इंचांवर १७० ग्रॅम. मागचा रॉड थोडा खाली आणि थोडा डावीकडे वळवलेला.

५० मीटर गाठायचं ठरवलंच असेल तर पुढे २६ ते ३० इंचांचा लाँग रॉड ५५ ते ८५ ग्रॅमसह, मागे १० ते १२ इंचांवर २०० ते २५० ग्रॅम.

मागे दुप्पट-तिप्पट वजन का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मागचा रॉड आखूड असतो, त्यामुळे पुढच्या लांब रॉडची ओढ तोलायला त्याच्यावर जास्त वजन लागतं. शिवाय ते वजन ग्रिपच्या खाली आणि जवळ येतं, म्हणून हाताला तितकं बोचत नाही.

नवख्याने मधला पर्याय घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ६ इंचांचा गुटगुटीत तुकडा घेऊन काहीच बदलत नाही, फक्त धनुष्य जड होतं. आणि पहिल्याच महिन्यात ३० इंची रॉड लावला तर खांदा तयार नसतो. आखूड हंटिंग बोला लांब रॉड लागतच नाही असं नव्हे, लागतो आणि उत्तम चालतो, पण मागे पुरेसं वजन न घालता लावला तर धनुष्य नाकावर पडतं.

खांद्याला किती झेपेल?

८० टक्के लेट-ऑफ असलेलं ६० पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढलं की ओढणाऱ्या हातात फक्त १२ पौंड उरतात. त्यामुळे बाण सोडायला घाई नसते, माणूस नेम धरून उभा राहतो, आणि तेवढा वेळ धनुष्याचं पूर्ण वजन पुढच्या खांद्यावर असतं. ओढलेल्या स्थितीत पिन पिवळ्यावर ठेवून मनात वीसपर्यंत मोजा. दहाच्या आत पिन खाली सरकून परत वर येत नसेल तर वजन जास्त आहे. पंधरापर्यंत टिकत असेल तर ठीक. हीच चाचणी सरावाच्या शेवटी, पन्नास-साठ बाण झाल्यावर पुन्हा करा, आणि निर्णय त्या आकड्यावर घ्या. ताज्या खांद्याला सगळंच पेलतं. ५० मीटरच्या पात्रता फेरीत ७२ बाण मारायचे असतात, सरावाचे वेगळे. शेवटच्या बारा बाणांत जे वजन झेपतं तेच तुमचं.

वजन वाढवायचं तर महिन्याला एक औंस पुरे.

पायरी ६: बाण काय सांगतात ते ऐका

डोळे मिटून केलेल्या चाचणीत जमलेली मांडणी आता १८ मीटरवर बाणांनी तपासा. तीन-तीन बाणांच्या दहा फेऱ्या, एकूण तीस बाण. प्रत्येक फेरीनंतर वहीत दोनच आकडे लिहा: सगळ्यात वरच्या आणि खालच्या बाणातलं अंतर, आणि सगळ्यात डाव्या व उजव्या बाणातलं अंतर. गुण लिहू नका. साइट जुळलेली नसेल तर चांगल्या गटालाही कमी गुण पडतात.

दोन मांडण्या तुलना करायच्या असतील तर आज ही आणि उद्या ती असं नको. एक फेरी पहिलीवर, पुढची दुसरीवर, अशा आलटून पालटून मारा. म्हणजे थकवा, वारा आणि मूड दोघींना सारखेच वाट्याला येतात.

उभा पसरलेला गट, त्यातले चुकार बाण बहुतेक खाली: पुढचं वजन कमी करा किंवा मागचं वाढवा. चुकार बाण वर जात असतील तर पुढे एक औंस घाला. आडवा पसरलेला गट असेल तर आधी ग्रिप आणि ड्रॉ लेंग्थ तपासा, मग बुडबुडा, आणि हे तिन्ही ठीक असतील तरच बाजूच्या रॉडला हात लावा. नवखे नेमकं उलट करतात.

पिनच्या हालचालीचा स्वभावही बघा. ती बारीक, जलद, काजव्यासारखी थरथरत असेल तर धनुष्य फार हलकं आहे किंवा वजन फार जवळ आहे. मोठे, संथ झोके घेत असेल तर वजन जास्त झालंय आणि तुमचे स्नायू त्याच्याशी झुंजतायत. पिन पूर्ण थांबणार नाही, कुणाचीच थांबत नाही. ती पिवळ्याच्या आत संथ फिरत राहावी आणि बाहेर गेली तर आपोआप परत यावी, एवढंच हवं.

बाण सुटल्यानंतर धनुष्य सैल हातात कुठे जातं तेही एखाद्या सोबत्याला मोबाइलवर बाजूने टिपायला सांगा. सरळ पुढे उडी घेऊन मग हळू खाली झुकत असेल तर छान. वरचा कॅम तुमच्या कपाळाकडे येत असेल तर पुढे वजन कमी आहे.

आता रॉड विकत घ्या

लांबी आणि वजन वहीत आहे, आता फक्त वस्तू निवडायची. रॉड कडक हवा. मध्यावर धरून टोकाला टिचकी मारा. थरथर लगेच विरली पाहिजे, टोक लवलवत राहता कामा नये. १२ ते १५ इंचांपर्यंत ॲल्युमिनियमचा रॉड चालतो, त्यापुढे कार्बन घ्या, कारण तेवढ्याच कडकपणासाठी त्याचं स्वतःचं वजन कमी असतं. वजनं एकेका औंसाच्या चकत्यांची घ्या, एकसंध गोळा नको. पुढे बदल करायचे आहेतच.

रॉड जितका बारीक तितका वाऱ्याला कमी अडतो. खाडीच्या बाजूच्या उघड्या मैदानांवर दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, तेव्हा ३० इंचांचा जाड रॉड शिडासारखा ढकलला जातो. नवी मुंबईत सराव करणाऱ्याने हा मुद्दा इतरांपेक्षा जास्त मनावर घ्यावा.

रबरी डँपर (धक्का खाणारा तुकडा) लावायचा तर तो रॉड आणि वजनांच्या मध्ये येतो. मऊ डँपरवर दोनशे ग्रॅम लावले की टोक खाली लोंबतं आणि नेम धरताना डुलतं. जास्त वजनाला कडक डँपर, नाहीतर सरळ बिनडँपर.

झटपट काढता येणारी क्विक डिस्कनेक्ट जोडणी लोकलने येणाऱ्यांसाठी खरंच सोयीची आहे. सरळ घ्या किंवा १० अंश खाली झुकणारी घ्या. खाली झुकणारीने वजन ग्रिपच्या आणखी खाली जातं आणि धनुष्य जरा शांत उभं राहतं. घेताना लावून हलवून बघा. अंगठ्याला जाणवेल इतकाही खेळ असेल तर नको.

जुना रॉड घेत असाल तर काचेवर लोळवून वाकलाय का बघा, हलवून आत काही खुळखुळतंय का ऐका, आणि कार्बनच्या अंगावरून कापसाचा बोळा फिरवा. कापसाचे धागे अडकले तर तिथे तडा आहे.

रंगाची एक बाब. हंटिंग साहित्य बऱ्याचदा झाडपाल्याच्या कॅमोफ्लाज रंगात येतं. वर्ल्ड आर्चरीच्या नियमांनुसार होणाऱ्या स्पर्धेत असं साहित्य चालत नाही. साधा काळा घ्या. त्याच नियमांत कंपाऊंडला स्टॅबिलायझर चालतो, पण तो धनुष्याशिवाय कशालाही टेकता कामा नये आणि शेजारच्या खेळाडूला अडचण होता कामा नये. बांबूच्या धनुष्याने खेळल्या जाणाऱ्या इंडियन राउंडमध्ये स्टॅबिलायझर नसतोच, तेव्हा मुलगा किंवा मुलगी त्या गटात खेळत असेल तर हा खर्च करू नका.

ओजस देवतळे आणि अदिती स्वामी, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे, २०२३ मध्ये बर्लिनला कंपाऊंडचे जगज्जेते झाले, तेव्हापासून त्यांच्या धनुष्याचे फोटो पाहून तशीच मांडणी करायचा मोह पुष्कळांना होतो. त्यांची धनुष्यं लांब, टारगेट प्रकारची, आणि खांदे वर्षानुवर्षं घडलेले. फोटोतून रॉडचा कोन दिसतो, टोकाचं वजन दिसत नाही. कौतुक मनापासून करा, आकडे मात्र तुमच्या वहीतलेच घ्या.

सांभाळ

प्रत्येक बाणाच्या धक्क्याने आटे सैल होतात. दर बारा बाणांनी रॉड, वजनं आणि ब्रॅकेटचा बोल्ट बोटांनी तपासायची सवय लावा. बाण सुटताना अचानक झणझणीत आवाज यायला लागला तर दहापैकी नऊ वेळा कुठलं तरी वजन सैल झालेलं असतं. वजनांच्या मध्ये पातळ रबरी ओ-रिंग घाला. थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) वापरायचाच तर निळा, मध्यम ताकदीचा, एक थेंब, आणि तो मांडणी पक्की झाल्यावरच. लाल वापरला तर गरम केल्याशिवाय निघत नाही, आणि गरम केलं की कार्बनला चिकटवलेलं टोक सुटतं. त्याच कारणाने उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत रॉड ठेवायचा नाही. धनुष्य तर मुळीच नाही.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढा दमटपणा असतो की काळा मुलामा दिलेल्या लोखंडी वजनांवर आठवड्यात तांबूस ठिपके येतात. जमल्यास स्टेनलेस स्टीलची वजनं घ्या. पावसाळ्यात सरावानंतर रॉड काढून आटे कोरड्या फडक्याने पुसा, मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने फिरवा आणि जास्तीचं पुसून टाका. रॉड महिनोन्‌महिने धनुष्यावरच राहिला तर लोखंडी आटे बुशिंगमध्ये गंजून बसतात, मग पाना लावला की बुशिंगच फिरून बाहेर येतं. बॅगेत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका.

ठाणे-वाशी किंवा ठाणे-नेरुळ लोकलने जाणाऱ्यांनी रॉड नेहमी उतरवून, वजनं वेगळ्या कापडी पिशवीत घालून ठेवावीत. वजनासकट रॉड बॅगेत सोडला तर गर्दीच्या धक्क्यात तो कॅमवर किंवा दोरीवर आपटतो. ३० इंची रॉड ७६ सेंटिमीटर भरतो, तो बॅगेत तिरका बसतो का ते दुकानातच बघून घ्या, कारण बाहेर डोकावणारं टोक डब्यात कुणाच्या तरी डोळ्याच्या उंचीवर येतं. मैदानावर पोचल्यावर रॉड जोडताना वजनांची संख्या वहीशी ताडून बघा. एखादी चकती पिशवीच्या तळाशी राहिली तर सकाळभर बाण वर जातात आणि माणूस साइट फिरवत बसतो.